वाईट बातमीला वर जायला वाट हवी

पावसाळा सुरू झाला की शनिवारी सकाळी हिंजवडी, खराडी आणि चाकणहून बसगाड्या मुळशी, कामशेत, लोणावळ्याकडे निघतात. एकसारखे टी-शर्ट घातलेली माणसं रिसॉर्टवर उतरतात, रस्सीखेच खेळतात, डोळे बांधून एकमेकांच्या आधारानं चालतात, रात्री गाणी म्हणतात आणि दुसऱ्या दिवशी परततात. 'टीम बिल्डिंग'च्या नावानं होणाऱ्या या सहलींविषयी माझी तक्रार नाही. वर्षभर राबलेल्या माणसांना दोन दिवस मोकळे मिळाले तर ते चांगलंच आहे. माझा आक्षेप त्यामागच्या समजुतीला आहे. माणसं एकमेकांना पुरेशी ओळखत नाहीत म्हणून टीम नीट चालत नाही, आणि ती ओळख खेळातून करून देता येते, अशी ही समजूत आहे.

पुण्यातल्या कारखान्यांत आणि ऑफिसांत जे बिघडतं, ते बहुतेक वेळा माणसं एकमेकांना उत्तम ओळखत असतानाच बिघडतं. ती एकाच बसनं येतात, डबा एकत्र खातात, एकमेकांच्या घरच्या लग्नाला जातात. मशीनचा आवाज बदललाय हे ऑपरेटरला चार दिवस आधी कळलेलं असतं आणि त्यानं ते शेजारच्याला सांगितलेलंही असतं. ग्राहकाला दिलेली तारीख गाठता येणार नाही हे कोड लिहिणाऱ्या मुलीला महिनाभर आधी दिसत असतं आणि कँटीनमध्ये ती ते बोललेलीही असते. कळत नाही ते फक्त ज्याच्या हातात निर्णय आहे त्याला. बातमी आडवी फिरते, वर चढत नाही.

म्हणून माझं म्हणणं असं आहे की टीमचं काम सुधारायचं असेल, तर खालच्या माणसाला 'बोलायचं कसं' हे शिकवण्याआधी वरच्या माणसानं ऐकण्याची ठरलेली, रोजची सोय उभी केली पाहिजे. ही जबाबदारी ज्याच्याकडे अधिकार आहे त्याचीच आहे, कारण बोलण्याची किंमत नेहमी खालचा मोजतो. आज आपण नेमकं उलटं करतो. प्रशिक्षणाचे वर्ग ज्युनिअरसाठी भरवतो आणि साहेबांना त्यांच्या केबिनमध्ये सोडून देतो.

हा प्रश्न केवळ चुकलेल्या तारखांचा नाही. २२ मे २०१० रोजी दुबईहून आलेलं एअर इंडिया एक्स्प्रेसचं विमान मंगळूरला उतरताना धावपट्टी ओलांडून दरीत कोसळलं आणि १५८ माणसं मृत्युमुखी पडली. विमान असावं त्यापेक्षा जास्त उंचीवरून येतंय, हे सहवैमानिकाच्या लक्षात आलं होतं. उतरणं सोडून पुन्हा वर चला, असं त्यानं तीनदा सुचवल्याचं चौकशीत पुढे आलं. कॅप्टननं ते मानलं नाही. अशा वेळी सहवैमानिकानं स्वतः ताबा घ्यायला हवा होता, असं कोणीही आज खुर्चीत बसून म्हणू शकतो. पण जी व्यवस्था ज्येष्ठाचा शब्द मोडायचा नाही हे वर्षानुवर्षं अंगी बाणवते, तिनं शेवटच्या काही सेकंदांत माणसाकडून बंडाची अपेक्षा करणं क्रूर आहे.

विमानवाहतुकीनं हा धडा फार महाग घेतला होता. १९७७ साली टेनेरिफच्या विमानतळावर दोन जंबो विमानं धावपट्टीवरच एकमेकांवर आदळली. ५८३ माणसं गेली. त्यातल्या एका विमानाच्या फ्लाइट इंजिनिअरनं, समोरचं विमान अजून धावपट्टीवरच नाही ना, अशी शंका काही क्षण आधी विचारली होती. त्याचा कॅप्टन कंपनीतला अतिशय ज्येष्ठ, वैमानिकांना शिकवणारा माणूस होता. शंका तिथंच विरली. पुढे १९७९ मध्ये नासानं अशा अपघातांवर एक कार्यशाळा घेतली आणि त्यातून 'क्रू रिसोर्स मॅनेजमेंट' हे प्रशिक्षण उभं राहिलं. मला त्यातली एक गोष्ट फार महत्त्वाची वाटते. सहवैमानिकाला धीट व्हायला शिकवणं हा त्याचा निम्माच भाग आहे. आपल्या क्रूला आधीच विचारायचं, आक्षेप आला की थांबायचं, उत्तर द्यायचं, हे कॅप्टनला शिकवणं हा उरलेला निम्मा भाग, आणि अवघड तोच आहे.

शस्त्रक्रियागृहाची गोष्ट याहून बोलकी आहे. जागतिक आरोग्य संघटनेनं २००८ मध्ये शस्त्रक्रियेसाठी १९ मुद्द्यांची एक तपासयादी आणली. कापण्याआधी थांबून खोलीतल्या प्रत्येकानं आपलं नाव आणि काम सांगायचं, हा त्यातला एक मुद्दा. सर्जन, भूलतज्ज्ञ, नर्स, सगळ्यांनी. जगातल्या आठ शहरांमधल्या रुग्णालयांत ही यादी वापरून पाहिली गेली, त्यात नवी दिल्लीही होती. मृत्यूचं प्रमाण १.५ टक्क्यांवरून ०.८ टक्क्यांवर आलं, गुंतागुंतीचं प्रमाण ११ वरून ७ टक्क्यांवर. सुरुवातीलाच एकदा ज्या नर्सचा आवाज खोलीत उमटला आहे, ती पुढे 'डॉक्टर, एक मिनिट' म्हणण्याची शक्यता वाढते, हा त्यामागचा विचार आहे.

याच यादीची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. कॅनडातल्या ओंटारिओ प्रांतानं ती सगळ्या रुग्णालयांना लागू केली. १०१ रुग्णालयांची आकडेवारी २०१४ मध्ये प्रसिद्ध झाली आणि तीत म्हणण्यासारखा फरक दिसला नाही. यादी तीच होती. अशा फरकाची कारणं अनेक असू शकतात आणि अभ्यासकांत त्यावर वाद आहे. पण पुण्यात ज्यांनी आयएसओचं, म्हणजे दर्जाच्या प्रमाणपत्रासाठीचं, ऑडिट जवळून पाहिलं आहे, त्यांना एक कारण लगेच ओळखू येईल. वरून आलेला फॉर्म भरायचा म्हणून भरला, खुणा करायच्या म्हणून केल्या, की कागद पूर्ण होतो आणि खोलीतला माणूस गप्पच राहतो. ऑडिटच्या आदल्या रात्री महिन्याभराच्या तपासणीच्या नोंदी एकाच पेनानं भरल्या जातात, हे आपल्या औद्योगिक पट्ट्यात कोणाला नवीन आहे?

मग पुण्यात माणूस गप्प का राहतो? न्यायमूर्ती रानड्यांनी १८७५ साली सुरू केलेली वसंत व्याख्यानमाला ज्या शहरात आजही भरते, जिथं सोसायटीच्या सभेत पाण्याच्या टाकीवरून दोन तास वाद होतो, तिथली माणसं मुळात अबोल आहेत असं कोण म्हणेल? तीच माणसं कामाच्या जागी 'हो सर' म्हणून बाहेर पडतात. म्हणजे दोष स्वभावाचा नाही, जागेचा आहे. त्या जागेवर बोलण्याचा हिशोब तोट्यात जातो. बोललो आणि चुकीचा निघालो तर हसं होतं. बोललो आणि बरोबर निघालो तर 'मग तूच बघ आता' म्हणून काम गळ्यात पडतं, किंवा साहेबांची चूक चारचौघांत दाखवल्याचा राग अप्रेझलमध्ये निघतो. गप्प बसलो तर यातलं काहीच होत नाही. पुढे नुकसान होतं ते कंपनीचं. हा हिशोब माणसं पहिल्या सहा महिन्यांत शिकतात आणि तो अगदी शहाणपणाचा असतो. त्यांना भित्रं म्हणणं अन्यायाचं आहे.

आयटीत सगळे एकमेकांना नावानं हाक मारतात, त्यामुळे तिथं ही भीती नाही असं सांगितलं जातं. मला ते पटत नाही. मॅनेजरला एकेरीत हाक मारता आली, तरी वर्षअखेरीचं रेटिंग त्याच्याच हातात असतं. रोज सकाळच्या छोट्या मीटिंगमध्ये, म्हणजे स्टँड-अपमध्ये, काल काय केलं, आज काय करणार, काही अडलंय का, असे तीन प्रश्न असतात. पहिल्या दोन प्रश्नांना भरभरून उत्तरं मिळतात आणि तिसऱ्याला 'नो ब्लॉकर्स', म्हणजे काही अडलेलं नाही. अहवालात प्रोजेक्टची स्थिती दाखवणारा रंग आठवड्यामागून आठवडे हिरवा, म्हणजे 'सगळं ठीक', राहतो आणि डिलिव्हरीच्या तोंडावर एकदम लाल होतो. एका आठवड्यात काही बिघडत नाही. तो लाल रंग दोन महिने लोकांच्या मनात होता, तो दाखवायला कोणाला सुरक्षित वाटलं नाही, इतकंच.

हार्वर्डच्या एमी एडमंडसन यांनी नव्वदच्या दशकात रुग्णालयांतल्या टीम्सचा अभ्यास केला. चांगल्या टीममध्ये औषध देण्यातल्या चुका कमी असतील अशी त्यांची अपेक्षा होती. आकडे उलटे निघाले. चांगल्या टीममध्ये नोंदलेल्या चुका जास्त होत्या. चुका जास्त होत होत्या म्हणून नव्हे, तर तिथली माणसं त्या उघडपणे सांगत होती म्हणून. आपल्याकडे महिन्याच्या रिव्ह्यूमध्ये ज्या विभागाच्या तक्रारी शून्य, त्याचं कौतुक होतं. मी तिथं आधी जाऊन चौकशी करीन.

बोलणं भाषेपाशीही अडतं आणि हा भाग पुण्यात जितका मोठा आहे तितका तो चर्चेत येत नाही. लातूर, नांदेड, जळगाव, सोलापूरहून डिप्लोमा किंवा इंजिनिअरिंग करून आलेला मुलगा चार वर्षं मराठीत विचार करून काम शिकलेला असतो. मीटिंग इंग्रजीत चालते. समोर चाललेल्या गोष्टीत कुठं खोट आहे हे त्याला इतरांआधी दिसतं. मनात वाक्य जुळवेपर्यंत विषय पुढे गेलेला असतो. वर्षअखेरीस त्याच्या कागदावर संवादकौशल्य कमी असा शेरा येतो आणि त्याला इंग्रजी संभाषणाच्या वर्गाला पाठवलं जातं. ज्याच्यापाशी माहिती होती त्याला कमी गुण आणि ज्याच्यापाशी फर्डं इंग्रजी होतं त्याला बढती, असं पाच-दहा वर्षं चाललं की कंपनीच्या वरच्या थरात कोणत्या प्रकारची माणसं साचतात, याचा विचार एचआरनं करावा.

शॉप फ्लोअरवर ही गुंतागुंत आणखी वाढते. भोसरी-चाकणच्या लाइनवर आज मराठवाड्यातला मुलगा, बिहारमधला वेल्डर आणि ओडिशातला हेल्पर शेजारी शेजारी उभे असतात. मशीनवर टांगलेली कामाची सूचना इंग्रजीत, केमिकलच्या ड्रमवरचा इशारा इंग्रजीत, सुपरवायझर मराठीत बोलतो आणि ऐकणारा हिंदीत अर्थ लावतो. 'समजलं का?' असं विचारलं की सगळे मान हलवतात. तीच सूचना परत म्हणून दाखवायला सांगितली तर किती जणांना म्हणता येईल? विमानाचा कंट्रोलर वैमानिकाला सूचना देतो तेव्हा वैमानिकानं ती शब्दशः परत म्हणून दाखवायची असते. त्यात कोणाला अपमान वाटत नाही. आपल्याकडे रात्री अकराला व्हॉट्सॲपच्या ग्रुपवर सूचना टाकली आणि दोन निळ्या खुणा दिसल्या की संवाद झाला असं धरतात.

ग्राहक परदेशातला असेल तर त्याच्याशी इंग्रजीत बोलावंच लागेल. पण टीमची आतली चर्चा, जिथं अडचणी बाहेर यायच्या असतात, ती मराठीत किंवा हिंदीत घ्यायला काय हरकत आहे? शेवटी दोन ओळींची नोंद इंग्रजीत करता येते. मीटिंगमध्ये बोलण्याचा क्रमही उलटा करावा. सर्वांत नवा माणूस आधी, साहेब शेवटी. साहेबांनी सुरुवातीलाच 'मला वाटतं हे जमेल' म्हटलं की पुढचे सगळे त्यालाच दुजोरा देतात. प्रश्नही बदलावा लागतो. 'काही अडचण आहे का?' याचं उत्तर 'नाही सर' हेच येणार. 'हे काम फसलं असं धरून चला, कशामुळे फसलं असेल ते प्रत्येकानं एक-एक सांगा' असं म्हटलं, की दोष काढणं हेच काम होतं आणि दोष काढणारा आगाऊ ठरत नाही.

आता पाळी बदलण्याच्या वेळेबद्दल, कारण तिथं मला सर्वांत जास्त काळजी वाटते. ६ जुलै १९८८ च्या रात्री उत्तर समुद्रातल्या पायपर अल्फा या तेल-वायू फलाटावर स्फोट झाला आणि १६७ माणसं मेली. दिवसा एका पंपाचा सुरक्षा व्हॉल्व्ह दुरुस्तीसाठी काढून नेला होता आणि तिथं नुसतं झाकण बसवलेलं होतं. ही गोष्ट रात्रपाळीपर्यंत पोचली नाही. रात्री दुसरा पंप बंद पडला म्हणून त्यांनी हाच पंप सुरू केला. लॉर्ड कलन यांच्या चौकशीनं १९९० मध्ये १०६ शिफारशी केल्या. पाळी बदलताना माहिती कशी द्यायची, कामाचे परवाने कसे हाताळायचे, हा त्या चौकशीतला एक कळीचा विषय होता.

चाकण-तळेगावच्या एखाद्या कारखान्यात दुपारी पाळी सुटताना उभं राहून पाहा. कंपनीची बस ठरल्या वेळी सुटते. ती चुकली तर स्वारगेट-कात्रजच्या माणसाला नाशिक रस्त्याच्या त्या वाहतुकीत स्वतःच्या जिवावर दोन तास काढावे लागतात. त्यामुळे भोंगा वाजायच्या आधीच लोक हात धुऊन तयार असतात. येणारा माणूस मशीनपाशी पोचतो तेव्हा जाणारा गेटपाशी असतो. लॉगबुकमध्ये 'मशीन ओके' लिहिलेलं असतं. सकाळी कोणता सेन्सर दोनदा अडकला, मशीनच्या कोणत्या संरक्षक झाकणाचा स्क्रू सैल आहे, कोणत्या बॅचचा माल जरा कडक लागतोय, हे सगळं बसमध्ये बसून निघून जातं. यात कामगाराचा काडीचा दोष नाही. दोन पाळ्यांमध्ये पगारी पंधरा मिनिटं ठेवायची आणि बस तेवढी उशिरा सोडायची, एवढंच करायचं आहे. त्याला पैसे पडतात हे खरं आहे. एका दिवसाच्या नाकारलेल्या मालात आणि पुन्हा कराव्या लागणाऱ्या कामात किती जातात, हे ज्याचं त्यानं आपल्या कारखान्यात मोजून पाहावं.

उत्तर बाहेरूनच आणावं लागतं असं मुळीच नाही. आळंदीहून निघणारी पालखी पुण्यात येते तेव्हा आपण तिची शिस्त कौतुकानं पाहतो, पण तिच्यातली एक पद्धत फार थोड्या व्यवस्थापकांच्या लक्षात आली असेल. मुक्कामाच्या तळावर रोज समाज आरती होते. दिंड्या गोल उभ्या राहतात, टाळ वाजत असतात. चोपदार दंड उंचावतो आणि क्षणात सगळं शांत होतं. पण ज्या दिंडीला तक्रार मांडायची आहे, ती टाळ थांबवत नाही. हजारो माणसांच्या शांततेत त्या एका दिंडीचे टाळ वाजत राहतात. मग चोपदार स्वतः तिथं जातो, काय झालं ते विचारतो आणि सगळ्यांसमक्ष त्याचा निवाडा होतो. हरवलं-सापडलं सांगितलं जातं, उद्या किती वाजता निघायचं ते सांगितलं जातं, त्यानंतर आरती.

यात किती गोष्टी एका वेळी साधल्या आहेत! तक्रारीला रोजची ठरलेली वेळ आहे. ती मांडण्याची खूण अशी आहे की दुर्लक्ष करताच येत नाही. तक्रार करणाऱ्याला कोणाच्या केबिनपर्यंत चालत जावं लागत नाही, ज्याच्या हातात दंड आहे तोच चालत येतो. आणि टाळ वाजत ठेवणं हा बेशिस्तपणा समजला जात नाही, कारण ती शिस्तीचीच रीत आहे. टोयोटाच्या कारखान्यात कामगारानं दोरी ओढली की दिवा लागतो, टीम लीडर धावत येतो, आणि अडचण तेवढ्यात सुटली नाही तर लाइन थांबते. ही पद्धत आपल्याकडे जपानहून आली, पुणे परिसरातल्या कित्येक कारखान्यांनी 'अँडन'चे दिवे बसवले. दिवे आले, पण धावत येणारा माणूस पुष्कळ ठिकाणी 'काय झालं, मी काय मदत करू?' असं न विचारता 'लाइन का थांबवली?' असं विचारतो. दोन-तीनदा असं झालं की दिवा लागणं बंद होतं आणि बिघडलेला माल पुढे सरकत राहतो.

यावर अनुभवी माणसं एक आक्षेप घेतात आणि तो हलक्यात घेण्यासारखा नाही. सगळ्यांचं ऐकत बसलं तर काम कधी करायचं? डिस्पॅचची गाडी दारात उभी असताना चर्चा चालत नाही. शिवाय ज्युनिअरची शंका दहांपैकी आठ वेळा निराधार निघते. हे सगळं मला मान्य आहे. बोलण्याचा हक्क प्रत्येकाला असावा म्हणजे निर्णय बहुमतानं व्हावा, असं मी म्हणत नाही. विमानाचा कॅप्टन शेवटी एकच असतो आणि चोपदाराचा दंडही एकाच्याच हातात असतो. ऐकून घेतल्यावर साहेबांनी 'तुझं म्हणणं कळलं, या कारणासाठी मी वेगळा निर्णय घेतोय' असं सांगितलं, तर बहुतेक माणसं तो निर्णय मनापासून राबवतात. आणि त्या आठ निराधार शंकांना मिळालेली वागणूक पाहूनच उरलेल्या दोन शंका तोंडातून बाहेर पडायच्या की नाही ते ठरत असतं. चुकीच्या शंकेवर ओरडा खाल्लेला माणूस पुढची बरोबर शंका आपल्याजवळच ठेवतो.

आपल्या कायद्यानं हे फार आधी ओळखलं होतं. १९४७ च्या औद्योगिक विवाद कायद्यात १०० किंवा अधिक कामगार असलेल्या ठिकाणी वर्क्स कमिटीची, म्हणजे कामगार आणि मालक यांच्या संयुक्त समितीची, तरतूद होती आणि तीत कामगारांचे प्रतिनिधी मालकाच्या प्रतिनिधींपेक्षा कमी असता कामा नयेत असं म्हटलं होतं. १९७६ च्या ४२व्या घटनादुरुस्तीनं ४३-अ हा अनुच्छेद आणून व्यवस्थापनात कामगारांचा सहभाग हे राज्याचं धोरण ठरवलं. भोपाळच्या वायुकांडानंतर, १९८७ मध्ये कारखाने कायद्यात दुरुस्ती झाली आणि धोकादायक प्रक्रिया असलेल्या कारखान्यांत कामगार आणि व्यवस्थापन यांचे समसमान प्रतिनिधी असलेली सुरक्षा समिती बंधनकारक झाली. २०२० च्या औद्योगिक संबंध संहितेत २० किंवा अधिक कामगार असतील तिथं तक्रार निवारण समिती सांगितली आहे. जपानमध्ये १९६२ पासून रुजलेली क्वालिटी सर्कल्स, म्हणजे कामातल्या अडचणी एकत्र बसून सोडवणारे कामगारांचे छोटे गट, आपल्याकडे १९८० मध्ये भेल (भारत हेवी इलेक्ट्रिकल्स) या सरकारी कंपनीच्या हैदराबादच्या कारखान्यात सुरू झाली आणि पुण्याच्या कारखान्यांनीही ती आपलीशी केली. म्हणजे दारं पुष्कळ आहेत. पण कमिटीच्या बैठकीत कँटीनचा चहा आणि बसचा मार्ग यापलीकडे विषय जात नसेल, इतिवृत्त इंग्रजीत टाइप होऊन फाइलला लागत असेल, तर ही दारं उघडी असूनही कोणी त्यांतून आत येणार नाही. गेल्या बैठकीत कोणी काय मांडलं, त्यावर काय केलं आणि जे केलं नाही ते का, एवढं मराठीत आणि हिंदीत नोटीस बोर्डावर लागलं तरी पुढच्या बैठकीचे विषय बदलतील.

सर्वांत अवघड प्रश्न कंत्राटी कामगारांचा आहे. टीमवर्कवर बोलताना आपण ज्यांना टीम म्हणतो, त्यांत ते मोजलेच जात नाहीत. लाइनवर काम तेच, हात त्यांचे, धोकाही त्यांनाच जास्त, पण सकाळच्या मीटिंगला ते बाजूला उभे असतात. याला एक कायदेशीर भीतीही कारणीभूत आहे. कंत्राटी माणसाला कंपनीच्या अधिकाऱ्यानं थेट सूचना दिल्या तर उद्या कंत्राट नावापुरतं ठरेल आणि तो कायम करण्याची मागणी करील, म्हणून त्याच्याशी फक्त कंत्राटदाराच्या सुपरवायझरमार्फत बोला, असा सल्ला दिला जातो. कागदावर हा सल्ला व्यवहारी वाटेल. प्रत्यक्षात त्याचा अर्थ असा होतो, की प्रेस मशीनच्या समोर दिवसभर उभ्या असलेल्या माणसाला दिसलेला धोका एका मध्यस्थाच्या मर्जीवर वर जाणार, आणि त्या मध्यस्थाला नको असतं ते कंपनीशी झालेलं वितुष्ट. १९४८ च्या कारखाने कायद्यानं कंत्राटदारामार्फत आलेल्या माणसालाही 'कामगार' धरलं होतं. सुरक्षेच्या बाबतीत तो कंपनीचाच माणूस आहे. त्याच्याशी कंत्राटदारामार्फतच बोलायचं, हे सुरक्षेच्या गोष्टींना तरी लागू होऊ शकत नाही.

म्हणून पुणे आणि पिंपरी-चिंचवडच्या मोठ्या कंपन्यांकडे माझी स्पष्ट मागणी आहे. सकाळच्या टूलबॉक्स टॉकमध्ये, म्हणजे काम सुरू करण्याआधीच्या सुरक्षेच्या छोट्या बैठकीत, कंत्राटी कामगार आणि अप्रेंटिस बाजूला नको, ओळीत हवेत, आणि काल काय अडलं हे त्यांना नाव घेऊन विचारलं जावं. त्यांनी जे सांगितलं त्याचं काय झालं हे दुसऱ्या दिवशी त्याच जागी त्यांना सांगावं. विभागप्रमुखाची बढती ठरवताना त्याच्या हाताखालच्या माणसांनी, कंत्राटी धरून, वर्षभरात किती अडचणी वर आणल्या आणि त्यांतल्या किती सुटल्या, हे पाहिलं जावं. तक्रारींचा आकडा शून्य असेल तर त्यानं कारण द्यावं. आणि कंत्राटदाराशी होणाऱ्या करारात एक कलम घालावं: ज्या कामगारानं धोका किंवा दोष दाखवून दिला, त्याला पुढचे सहा महिने कंपनीच्या सुरक्षा अधिकाऱ्याच्या लेखी संमतीशिवाय कामावरून हटवता येणार नाही.